हाताशी लागेल तो आरोपी

आमच्या हॉलमधला पंखा ऐन मे महिन्यात इतका मंदावला की फिरत्या पात्यांवरची धूळही दिसू लागली. डोंबिवलीच्या घामात प्रश्न दोन उभे राहिले: पंख्याला झालंय काय, आणि दिवाळीत तो पुसला कोणी होता? दुसऱ्या प्रश्नावर घरात एकही तज्ज्ञ सापडला नाही. पहिल्यावर मात्र सगळेच निघाले.

"रेग्युलेटर गेलाय," आई म्हणाली. बायकोचंही तेच मत पडलं. सासू-सुनेचं एकमत झालंय म्हणजे दुखणं गंभीरच असणार. समोरच्या काकांनी खटका एकापासून पाचापर्यंत फिरवला, भिंतीला कान लावला आणि म्हणाले, "रेग्युलेटरच. आवाज ऐका ना." आवाज नव्हता.

आता मला यातलं थोडं कळतं, आणि थोडं कळणाऱ्या माणसाचे घरात जेवढे हाल होतात तेवढे कुणाचे होत नाहीत. खटक्याच्या रेग्युलेटरवर पाच नंबर म्हणजे थेट वीज. रेग्युलेटर मधून बाजूलाच होतो. पंखा पाचावर सुसाट आणि दोन-तीनवर रुसलेला असेल, तर खुशाल रेग्युलेटरला धरा. आमचा पाचावरही पेन्शन आणायला निघाल्यासारखा चालला होता. म्हणजे दुखणं वर, कंडेन्सरमध्ये. घरच्या सिंगल फेज विजेवरच्या मोटरीला एका वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या एका वेटोळ्यावर, कुठल्या बाजूने फिरायचं हेच उमगत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगला जरा पुढेमागे वीज देतो, तेव्हा तिला दिशा सापडते. अडीच एमएफडी क्षमतेचा कंडेन्सर उन्हाळे सोसून दीडावर आला की पंखा मरगळतो. पार मेला की नुसता गुणगुणतो, आणि काठीने ढकलाल त्या बाजूला फिरतो.

हे सगळं मी सविस्तर सांगितलं. "बरं, मग आधी रेग्युलेटर बदलून बघू," बायको म्हणाली.

कारण उघड होतं. रेग्युलेटर उभ्या माणसाच्या हाताला येतो. कंडेन्सर छताजवळ, मोटरीवरच्या वाटीत. त्याला शिडी लागते, शिडी वॉचमनकडे, आणि वॉचमन गावाला. आपल्याकडे आरोपी ठरवताना पुराव्याआधी उंची बघतात.

नवा रेग्युलेटर आला. पंख्याने चाल बदलली नाही. "डुप्लिकेट दिला तुम्हाला," काका म्हणाले. मुलाने सुचवलं की तीस-बत्तीस वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखाच आणू, त्याला रेग्युलेटर लागतच नाही. काकांना ते अजिबात पटलं नाही. "मग बिघडल्यावर बदलायचं काय?"

शेवटी इलेक्ट्रिशियन आला. डायनिंग टेबलावर स्टूल चढवून त्याने वाटी खाली सरकवली आणि जुना कंडेन्सर माझ्या हातावर ठेवला. पोट फुगलेलं, कडेने काहीतरी चिकट पाझरलेलं. मी तो सगळ्यांना दाखवला. कोणी फारसं पाहिलं नाही. मोबाइल खांद्यात धरून बोलत बोलतच त्याने नवा जोडला, खाली उतरला, बटण दाबलं. पंखा भन्नाट सुटला. पण खाली वारा नाही, आणि छतावरची जळमटं मात्र जोरात हलू लागली. तार दुसऱ्याच वाइंडिंगला जोडली गेली होती आणि पंखा उलटा फिरत होता.

सगळे माना वर करून बघत राहिलो. काकांनी सावकाश भिंतीकडे बोट केलं. "नवा रेग्युलेटर उलटा बसलाय."

इलेक्ट्रिशियनने एकदा छताकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या स्टुलाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका बरोबर बोलतायत."