पाच मिनिटं बोलली की सगळे गुलाम म्हणे!

काल रात्री भाच्यासोबत 'शेरलॉक' या बीबीसीच्या डिटेक्टिव्ह मालिकेचा शेवटचा एपिसोड परत बघितला आणि डोकं इतकं सणकलंय की सकाळचा चहापण कडू लागला. पोरगा पहिल्यांदाच बघत होता. संपल्यावर म्हणतो, मामा, हे असं काय?? अरे बाळा, २०१७ पासून मी तेच विचारतोय.

ती युरस, शेरलॉकची बहीण! बेटावरच्या जेलमध्ये बसून जो समोर येईल त्याला नुसतं बोलून फिरवते. गव्हर्नर फिरला, गार्ड फिरले, अख्खं जेल हिच्या खिशात. पण बोलते काय ते सांगा की! ते नाही दाखवायचं. तो आधीच्या सीझनमधला व्हिलन मॅग्नसेन बघा, माणसाची दुखरी नस बरोबर धरायचा, बघून किळस यायची. इथे शेरलॉकच्या भावाने, मायक्रॉफ्टने सांगायचं की ती लई हुशार आहे आणि आपण माना डोलवायच्या. आणि तिच्या कोठडीची ती काच! काच नव्हतीच म्हणे! जो शेरलॉक मोबाईलवरच्या ओरखड्यांवरून मालक दारुडा आहे हे सांगतो, त्याला समोर काच आहे का नाही ते कळेना??

बेकर स्ट्रीटला शेरलॉकच्या घरात बॉम्ब फुटतो, तो आणि त्याचा मित्र जॉन खिडकीतून उडी मारतात, पुढे थेट बोटीवर, अंगावर ओरखडा नाही. आणि मोरिआर्टी, तो मेलेला जुना व्हिलन... हेलिकॉप्टरमधून उतरतो, क्वीन बँडचं गाणं वाजतंय, मी तेव्हा सोफ्यावर उभा राहिलो होतो हो, आणि खाली पाटी काय येते तर 'पाच वर्षांपूर्वी'. मागच्या सीझनच्या शेवटी त्याला पडद्यावर आणून तीन वर्षं 'माझी आठवण आली का' करून नाचवलं ते यासाठी? तसं यांचं जुनंच आहे, २०१२ला शेरलॉकला गच्चीवरून उडी मारायला लावली, २०१४ पर्यंत ताटकळत ठेवलं आणि तो वाचला कसा याचं उत्तर मागितलं तर आमचीच थट्टा.

बरं मी तरी कुठला शहाणा. भाचा नुसतं 'मामा एकदाच ना' म्हणाला, पाच मिनिटंपण लागली नाहीत, मी शेंगदाणे घेऊन हजर. चौथी वेळ ही. शेरलॉकवर जीव टाकणाऱ्या मॉलीकडून तो फोनवर प्रेमाची कबुली वदवून घेतो, त्या फोनला परत डोळ्यात पाणी, आणि त्याचाच जास्त राग येतो, कारण तिच्या काळजाचा एवढा चुराडा केला, त्यावर नंतर एक अक्षर नाही, शेवटी बाई हसत हसत घरात येते!

विहिरीत जॉनच्या पायात साखळी, पाणी वर चढतंय आणि सोडवायला वरून टाकला काय तर दोर. रात्री दीडला भाचा उठून विचारतो, मामा, पण साखळी कुणी तोडली?

झोप म्हटलं गपचूप.