लंडनचा दाखला मला देऊ नका

चित्रपट, ॲनिमेशन आणि ध्वनी यांच्या उद्योगासाठी महाराष्ट्राने पैसा कुठे घालावा, हा वाद निघाला की ‘सगळे मुंबईतच हवे, लंडन पाहा, पॅरिस पाहा’ हे वाक्य कोणीतरी हमखास ऐकवतो. मे २०२५ मध्ये मुंबईत दृक्श्राव्य आणि मनोरंजन उद्योगाची ‘वेव्ह्ज’ परिषद झाली आणि पाठोपाठ ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’ही तिथेच सुरू झाली, तेव्हापासून, मी लंडनमध्ये राहतो म्हणून, या वाक्याला माझी साक्षही मागितली जाते.

तर साक्ष अशी. मी बारा वर्षे मध्य लंडनमधल्या सोहो भागातल्या एका तळघरात संवादांचे ध्वनिसंकलन करतो. इथली खरी ताकद म्हणजे चालत जाण्याजोगी अंतरे. वॉर्डर स्ट्रीटवर एखाद्या दृश्याची लांबी बदलली, की रनर पोरगा हार्ड ड्राइव्ह जॅकेटच्या आतल्या खिशात घालून पाच मिनिटांत डीन स्ट्रीटला पोहोचतो, आणि चूक कोणाची यावरचे भांडणही समोरासमोर मिटते. याच शेजारधर्मातून इथल्या कंपन्यांनी १९९५ मध्ये ‘सोहोनेट’ हे फाइली पाठवण्याचे स्वतःचे जाळे उभे केले. त्यात पार्लमेंटचा, म्हणजे लंडन राजधानी असण्याचा, काय संबंध? शिवाय ज्यांच्या नावाने लंडन मिरवते ते मोठे स्टुडिओ लंडनमध्ये नाहीतच: पाइनवुड बकिंगहॅमशायरमध्ये आहे, लीव्ह्सडेन हर्टफर्डशायरमध्ये. बीबीसीने २०११ मध्ये आपले अनेक विभाग मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला हलवले, ‘चॅनल फोर’ वाहिनीने राष्ट्रीय मुख्यालय लीड्सला नेले. (त्यांचे बरेच लोक लंडनमध्येच राहिले, हे मी वादात सांगत नाही.) बर्लिन राजधानी असले तरी बाबेल्सबर्ग हा मोठा स्टुडिओ शेजारच्या पॉट्सडॅममध्ये आहे, आणि जर्मन दूरचित्रवाणीतली मोठी नावे कोलोन व म्युनिकला. पॅरिस माझ्या बाजूने बोलत नाही, म्हणून ते सोडून देतो.

आणि आपल्याला परदेशी दाखले हवेतच कशाला? फाळके दादरहून नाशिकला गेले. ‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी राहिली, १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिच्याच जागेवर पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली. कोल्हापूरच्या चित्रनगरीचा विषय निघाला की मान फिरवणाऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ असतो, पण फक्त भाषणापुरता.

हे सारे मी ठामपणे सांगतो; आणि तरीही तीन वर्षांपूर्वी आमचा विभाग मँचेस्टरला न्यायचे ठरत होते, तेव्हा मोठ्या खोल्या आणि कमी भाडे दिसत असूनही सर्वात आधी विरोध मी केला. व्यवस्थापनाला दोन पानी पत्र लिहिले. झोन पाचमधून, म्हणजे लंडनच्या बाहेरच्या टोकाकडून, सव्वा तास उभ्याने प्रवास करणारा आणि सोहोतली संध्याकाळ वर्षातून दोनदा पाहणारा माणूस त्यात लिहीत होता, की या कामाला लंडनच हवे. परवा ते पत्र पुन्हा वाचले; मुंबईवाल्यांचे वाक्य त्यात जवळजवळ जसेच्या तसे होते. मला लंडन फार प्रिय होते असे नाही; पण ते सोडले असते तर घर सोडून इतक्या लांब येण्याचे कारण मला स्वतःलाच नव्याने शोधावे लागले असते.

आमच्या संवादांची साफसफाई पुण्यातला एक मुलगा करतो. मी सकाळी येतो तेव्हा त्याचे काम तयार असते, आणि ते माझ्यापेक्षा स्वच्छ असते. गेल्या आठवड्यात त्याने विचारले, “दादा, पुढे जायचे तर तिकडे यावेच लागेल का?” मी क्षणाचाही विचार न करता “ये” म्हणालो, आणि मग अर्धा तास आम्ही व्हिसासाठी लागणाऱ्या किमान पगाराबद्दल बोलत बसलो.