पान पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट? जरा थांबा

घरात वाढवलेल्या मिरचीच्या रोपांबद्दलचा एक मजकूर जो तो पुढे ढकलतोय. त्याचं सार असं: पान पिवळं पडलं म्हणजे मॅग्नेशियम कमी, कारण हरितद्रव्य मॅग्नेशियमपासूनच बनतं. घरात कीड येत नाही, तेव्हा दुसरं कारण शोधत बसू नका. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून आठवड्यातून दोनदा घाला. जास्त झालं तरी अपाय नाही. आठवड्याभरात तीच पानं हिरवी होतील.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती हरितद्रव्याची. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतोच. पण त्याला धरून नत्राचे (नायट्रोजनचे) चार अणू बसलेले असतात, मग याच न्यायाने आधी नत्र का नाही? लोह तर त्या रेणूत नसतंच, तरी लोहाशिवाय झाडाला हरितद्रव्य बनवता येत नाही. रेणूत काय आहे यावरून रोपाला काय कमी पडलं ते ठरत नाही. ते ठरवायला पिवळेपणा कुठून सुरू झाला हे बघावं लागतं.

नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवणं झाडाला जमतं. म्हणून या दोन्हींची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर शिरांसकट अख्खं पान फिकं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते. लोह मात्र एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. त्यामुळे तशीच हिरव्या शिरांची जाळी जर शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसत असेल, तर संशय लोहावर घ्यावा. तेही बहुतेकदा मातीत असतंच, पण मातीचा सामू (pH) ७ च्या वर गेल्यामुळे मुळांना उचलता येत नाही. तिथे एप्सम सॉल्ट ओतून काय होणार?

आणि सगळ्यात खालची, खऱ्या पानांहून वेगळ्या आकाराची ती अरुंद जोडी पिवळी पडली असेल तर काहीच करू नका. ती बीजदलं आहेत, म्हणजे बी उगवताना आलेली पहिली पानं. त्यांचं काम संपलं.

या मजकुरात जास्त झालेल्या पाण्याचं नावही नाही, हे मला सगळ्यात खटकतं. घरातल्या रोपांचा पिवळेपणा माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा अतिपाण्यातूनच आलेला आहे. घरात ऊन-वारा कमी, रोप लहान, कुंडी त्याच्या मानाने मोठी. माती चार-चार दिवस ओलीच राहते. मुळांना हवा मिळाली नाही की ती अन्नद्रव्य उचलणं थांबवतात. माती वाफशावर हवी, म्हणजे ओलसर पण हवा खेळती; चिखल नको. पान फिकं होतं, रोप मान टाकतं, आणि आपल्याला वाटतं तहानलंय! कुंडी उचलून बघा. पाणी घालून दोन-तीन दिवस झाले तरी ती तेवढीच जड लागत असेल तर उत्तर हातातच आहे. तरीही शंका असेल तर रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी आणि ताठ असतात. तपकिरी, लिबलिबीत, बोटांनी ओढताच साल सुटून आत दोऱ्यासारखी नस उरणारी असतील, तर मुळकूज लागली आहे. अशा रोपाला आठवड्यातून दोनदा लिटरभर पाण्यातून औषध द्यायचं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

‘घरात कीड येत नाही’ हे वाचून तर हसूच आलं. कोरड्या, उबदार, बंद खोलीत कोळी कीड उलट जोमाने वाढते; तिला धुऊन काढणारा पाऊस नाही, खाणारे मित्रकीटकही नाहीत. पान सरसकट पिवळं न होता सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसत असतील, तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. पडलेले कण चालायला लागले की समजा.

जांभळटपणा आणि पांढुरका रंग यांचाही पिवळेपणाशी घोळ घातला जातो. थंडीत गारठलेली मुळं स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलत नाहीत आणि पानं जांभळट होतात; काही वाणांचा मूळ रंगच तसा असतो. रोपासाठी लावलेल्या दिव्याच्या अगदी जवळची वरची पानंच पांढुरकी, फिकी पडली असतील तर दिवा वर घ्या.

‘अपाय नाही’ हेही खोटं. एप्सम सॉल्ट हा क्षारच आहे. छोट्या कुंडीत तो साठतो, पानांच्या कडा करपतात. शिवाय मॅग्नेशियम वाढलं की कॅल्शियमचं शोषण मागे पडतं. खरी गरज कधी असते? नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), जुन्या पानांवर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसत असताना. तेव्हा एकदा, बेताने द्यावं.

राहिला आठवड्याभरात हिरवं होण्याचा दावा. पूर्ण पिवळं पडलेलं पान सहसा परत हिरवं होत नाही, त्यामुळे तिकडे बघत बसून उपाय लागू पडला की नाही हे कळत नाही. आज शेंड्याखालच्या पानाच्या देठाला सैलसा दोरा बांधा आणि एकच गोष्ट बदला. दोन आठवड्यांनी दोऱ्याच्या वर फुटलेली पानं बघा.