डिझेलचा काटा

आमच्या अण्णांचं पिकअप 1991 सालचं. चादरीचे गठ्ठे ओढून ओढून चेसीस सोडलं तर सगळं एकेकदा बदलून झालंय, पण डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा मात्र मूळचा, आणि तो गेलं वर्षभर अर्ध्यावर बसलेला. टाकी फुल करा, कोरडी ठेवा, हा आपला अर्ध्यावरच.

आधी तो असा नव्हता, आधी नाचायचा. खड्डा आला की धप्पकन खाली, खड्डा संपला की परत वर, आणि सोलापुरातले रस्ते म्हटल्यावर त्याला बिचाऱ्याला बसायला वेळच नव्हता. म्हणून आम्ही टाकीत घालायला बांबूची कामटी केली, ब्लेडनं तीन खाचा मारल्या. वरची खाच म्हणजे अक्कलकोट जाऊन-येऊन, मधली म्हणजे नुसतं जाऊन, आणि खालची म्हणजे गपगुमान पंपावर चला. अण्णांचा त्या कामटीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

एप्रिलमध्ये आत्याला तुळजापूरला न्यायचं होतं, नैवेद्याचा डबा मांडीवर. घाईत कामटी घालायची राहिली आणि तामलवाडीच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. आत्या वाकून मीटरकडं बघितली आणि म्हणाली, "अर्धी टाकी दाखवालंय की रे, मग झालंय काय हिला?" आता काय सांगू.

एका मोटरसायकलवाल्यानं कॅनमधनं पाच लिटर आणून दिलं, पण डिझेल गाडीचं असं असतं की एकदा कोरडी पडली की नुसतं ओतून चालत नाही, लाईनमध्ये हवा शिरती, म्हणजे गाडीनं एअर घेतली. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप दाबत बसा, फेस येतोय, फेस येतोय, अजून फेसच, अंगठा सुजला, बेचाळीस डिग्रीत पाऊण तास, तेव्हा कुठं बुडबुड्याशिवाय सलग धार आली. तोवर डब्यातल्या पोळ्या परत गरम झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी वायरमन मामांकडं. त्यांनी काही बघायच्या आतच मी म्हणालो, मीटर बदला. मामा म्हणाले, "थांब की बे, पैसे जास्त झालेत का?" टाकीवरच्या युनिटची, म्हणजे आतलं डिझेल मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाची, वायर काढली, मला किल्ली फिरवायला लावली, काटा खाली पडला. मग वायरचं टोक चेसीसला टेकवलं आणि वर्षभर ढिम्म न हललेला तो काटा झपकन फुलवर गेला. म्हणजे मीटर बरा, वायरही बरी, भानगड टाकीत. आमच्या मीटरचं असं, अर्थ, म्हणजे चेसीसशी जोडणी, पूर्ण मिळाला की फुल, तुटला की रिकामा. युनिटचा अर्थ थोडा गंजला होता, हेही तेव्हाच कळलं. पॉलिश पेपर घासून तो नीट केला, तरी काटा परत अर्ध्यावर.

मग युनिट काढायला घेतलं. पाच स्क्रू, चार निघाले, पाचव्यानं दुपार खाल्ली. बाहेर येताना ते कण्हत कण्हत आलं, दांड्याच्या टोकाला डिझेलवर तरंगणारा पितळी फ्लोट, आणि दांडा नि पट्टीच्या सांध्यात एक काहीतरी काळं पाचरीसारखं अडकलेलं. मामांनी पक्कडीनं ओढून काढलं, पुसलं, उन्हात धरलं. बांबूचा तुकडा. त्यावर ब्लेडची खाच.

गेल्या वर्षी कामटीचं टोक मोडलं होतं ते मला माहीत होतं. मी गुपचूप दुसरी कामटी केली होती, खाचा कॉपी केल्या होत्या आणि घरात ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. मामा माझ्याकडं बघालेत, मी आभाळाकडं. "उंदीर लाकूड नेतो बे टाकीत," एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला, माझ्या नावावर.

युनिटच्या बॉडीला अर्थाची वायर जोडून मामा हातानं फ्लोट वर-खाली करायला लागले आणि केबिनमधनं पुतण्या ओरडायला लागला, "पाव! अर्धा! पाऊण! फुल्ल काकाऽऽ!" दत्त चौकात क्रिकेटची कॉमेंट्री ऐकावी तशी चार माणसं गोळा झाली. कॉर्कचं नवीन पॅकिंग घालून सगळं बसवलं. एकशेऐंशी रुपये, चहा वेगळा.

आठ दिवस मी काट्याकडं बघतच गाडी चालवली. पंपावर उगीच शंभराचं टाकून तो किती हलतोय ते बघायचो.

नवव्या दिवशी सकाळी अण्णा गठ्ठे घेऊन एमआयडीसीतनं निघाले आणि अर्ध्या तासानं फोन.

"गाडी बंद पडली बे."

"काटा कुठं आहे अण्णा?"

"तळाला. मला वाटलं खोटं बोलालाय नेहमीसारखा."

"आणि कामटी?"

"ती तर तू परवा फेकलास की. येताना नवीन घेऊन ये, आणि जरा जाड आण, मागची मोडली होती तुझ्याकडनं."