दुचाकीच्या टायरला पॉलिश नकोच!

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात. गाडी धुऊन झाली की पोरगं डबा आणतं आणि कुणाला न विचारता टायरवर पॉलिशचा ब्रश फिरवतं. चारचाकीचं एक वेळ ठीक आहे. पण तोच ब्रश स्कूटर-मोटरसायकलच्या टायरवरही फिरतो, आणि हे ताबडतोब थांबायला हवं.

चारचाकीचा टायर रस्त्याला टेकतो तो नक्षीच्या पट्ट्यावर. बाजू रस्त्याला लागतच नाही. दुचाकीचं तसं नाही. वळताना ती कलते, आणि सरळ चालताना रस्त्याला न लागणारी टायरची कड तेव्हा रस्त्यावर येते. नेमका तिथेच पॉलिशमधल्या सिलिकॉनचा गुळगुळीत थर बसलेला असेल तर चाक सटकणारच. त्यात पाऊस पडलेला असेल, मागे कुणी बसलेलं असेल, तर विचारच करवत नाही. ब्रेकच्या डिस्कवर शिंतोडे उडाले तर ब्रेकही नीट लागत नाही. आणि हे सगळं कशासाठी? दोन दिवसांच्या चकाकीसाठी.

'पॉलिशने रबर टिकतं' असं सर्रास सांगितलं जातं. टायर टिकवायची मुख्य सोय कंपनीने रबरातच केलेली असते. काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रबराला तोच वाचवतो. हवेतल्या ओझोनने भेगा पडू नयेत म्हणून रबरात मेण आणि खास रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तसं हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं. टायरच्या बाजूला जी तपकिरी झाक दिसते, ती बऱ्याचदा मळ नसून हीच रसायनं बाहेर येऊन रंग बदललेली असतात. सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडतात, त्याचं एक कारण हेच की चाक फिरत नाही, म्हणून मेण वर येत नाही. तिला पॉलिश नको, अधूनमधून एक फेरी हवी.

चारचाकीला लावायचंच असेल तर काय लावताय ते विचारा. पेट्रोलियम सॉल्व्हंटवालं पॉलिश तेलकट चमकतं, पण वारंवार लावलं तर रबरातलं संरक्षण धुऊन काढू शकतं. शिवाय गाडी पळाली की त्याचे काळे ठिपके चाकामागच्या पत्र्यावर उडतात. पाण्यावर आधारित पॉलिश कमी चमकतं, पण तेच बरं. आधी साबणाच्या पाण्याने टायर घासून पूर्ण सुकू द्यायचा, मग स्पंजने फक्त बाजूला पातळ हात मारायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. नक्षीवर थेंबही नको. काही ठिकाणी गाडीखाली डिझेल मारतात, तेही टायरवर उडू देऊ नका. डिझेलने रबर फुगतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी तर ही चकाकी फारच फसवी. काळ्याभोर टायरमधल्या बारीक भेगा पॉलिशखाली सहज लपतात. ओलं फडकं मागा, बाजू पुसा आणि मगच बघा. टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे 4 आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. झीज तिथवर आली म्हणजे टायर बदलायला झाला; कारच्या टायरमध्ये तेव्हा खाचांची खोली 1.6 मिमी उरलेली असते.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि कारला ताशी 120 ची मुभा आहे. सिमेंटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन, सलग तासन्‌तासाचा वेग. तिथे निघण्याआधी टायरमध्ये हवा किती आहे, भेगा आहेत का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. पोरं-बाळं घेऊन निघालेल्या माणसाने चकाकत्या टायरवर समाधान मानलेलं बघितलं की मला खरंच काळजी वाटते.

यंदा दुचाकी धुवायला टाकताना चावी देतानाच सांगा, 'दादा, टायरला पॉलिश लावू नका.' लावलंच असेल तर साबणाच्या पाण्याने दोनदा घासून घ्या, आणि पहिले काही किलोमीटर वळणं सावकाश घ्या. तुमच्या गावात पाण्यावर आधारित पॉलिश वापरणारं, विचारून काम करणारं सेंटर असेल तर कमेंटमध्ये जरूर कळवा. इतरांना उपयोग होईल.