शाब्बास म्हणायची चोरी

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये सांगितलं की, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच. सांगलीकडे शाळेत शिकवणाऱ्या वहिनीने बातमी पाठवली. खाली तिची एक ओळ होती, "आमच्याकडे चित्रकलेच्या बाईंना चार्ज दिलाय." दोन दिवसांचं शिबिर झालं, प्रमाणपत्र मिळालं, फलक लागला. संचमान्यतेत, म्हणजे सरकारने शाळेला मंजूर केलेल्या पदांत, हे पदच नाही, तर संस्था तरी आणणार कुठून माणूस?

घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, आमच्या वेळी छडी होती, समुपदेशक नव्हते, तरी आम्ही घडलोच. भाच्याचं म्हणणं, अमेरिकेत बघा, प्रत्येक शाळेत सायकॉलॉजिस्ट असतो. मी ओहायोत नेमकं तेच काम करते, पण माझ्याच वाट्याला दोन शाळा आहेत. शालेय मानसशास्त्रज्ञांची इथली राष्ट्रीय संघटना पाचशे मुलांमागे एक माणूस हवा म्हणते. देशाची सरासरी एकामागे हजाराच्या वरच आहे. तेव्हा भाच्याने जरा दमानं घ्यावं.

मला खटकतं ते वेगळंच. दोन्ही तट माणूस नेमायचा की नाही यावर भांडतायत. तो तयार कसा होतो, हे कुणी विचारत नाही.

पुण्यात मी मानसशास्त्रात एम.ए. केलं. चांगले गुण होते. प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि मी 'तयार' झाले. खरं सांगायचं तर तोवर एकाही मुलासमोर मी एकटी अर्धा तास बसले नव्हते. इथे पुन्हा तीन वर्षं शिकले: निदान साठ क्रेडिट आणि शेवटचं अख्खं वर्ष बाराशे तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान सहाशे तास शाळेतच. पहिल्या सत्रात वेक्सलरची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायला शिकवलं. नऊ लाल-पांढरे ठोकळे, हातात स्टॉपवॉच, कोपऱ्यात कॅमेरा. मुलाने आकृती जमवली की 'बरोबर' म्हणायचं नाही. 'छान प्रयत्न करतोयस' चालतं. आपल्याला हे किती अवघड! एका छोकऱ्याने सगळे ठोकळे वेळेत लावले आणि माझ्या तोंडून मराठीत "शाब्बास!" निघून गेलं. त्याला शब्द कळला नाही, चेहरा कळला. पुढची आकृती चुकल्यावर मी गप्प राहिले, आणि तो गप्प राहण्याचा अर्थही त्याला कळला. मार्गदर्शक बाईंनी व्हिडिओ तिथे थांबवला. ओरडल्या नाहीत. "इथून पुढे तू त्याला मोजत नव्हतीस, शिकवत होतीस," एवढंच म्हणाल्या. माझे पहिले चार अहवाल लाल शाईने भरून परत आले. पालकांच्या बैठकीला त्या शेजारी बसायच्या. मी अडखळले तरी मध्ये पडायच्या नाहीत, मग गाडीत बसल्यावर सगळं काढायच्या.

मी घडले ती त्या गाडीत. साठ क्रेडिटांतलं निम्मं मी आज विसरलेय.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मात्र मुळीच नाही. अमेरिकेतल्या 1975च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट. पण पालकांची संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत तपासणी पुरी करायचा नियम असा मानगुटीवर बसतो की वर्षातले कित्येक महिने मी अहवाल टंकत असते. मुलाशी बोलायचं राहून जातं.

आणि तिकडे काहीच नाही असंही नाही. मालिन या मानसशास्त्रज्ञांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप 1969मध्ये केलं, तेही नागपुरात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात 1996पासून सवलती आहेत. प्रमाणपत्रासाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात पालक चकरा मारतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीसाठी, केलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे. एरवी ज्याला आपण 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याच्यासाठीची साधनं घरातच आहेत. ती वापरणाऱ्याच्या शेजारी वर्षभर कुणी बसत नाही.

म्हणून न्यायालयाचा आदेश पुढे करून पद मागणाऱ्यांनी सोबत एक वर्षही मागावं. एम.ए. झालेल्यांना शाळेत, पगारावर, जाणत्या माणसाच्या हाताखाली. ओहायोत या इंटर्नशिपला राज्य सरकार पैसे देतं. आपल्याकडे निवासी डॉक्टरांना विद्यावेतन देतोच की.

चित्रकलेच्या बाईंनी परवा वहिनीकडून माझा नंबर घेतला. मुलाचं नाव सांगायचं नाही, एवढी एकच अट मी घातली. त्यांची रविवारची सकाळ, साडेआठ. माझे शनिवारी रात्रीचे अकरा. मला वाटलं, शिबिरातल्या टिपणांबद्दल विचारतील.

"ताई, तो पोरगा बोलायला बसला आणि पहिल्यांदा म्हणाला, हे आईला सांगणार का? मी पटकन 'नाही' म्हणून बसले. आता सांगावं लागेल असं काही निघालं तर?"

एक तास त्या एकाच प्रश्नावर गेला.