मूल आजीकडे ठेवा, पण आजीला वाऱ्यावर सोडू नका

आईबाप गेलेल्या पोराचं काय करायचं, याचं गावातलं उत्तर ठरलेलं असतं: आजोळी ठेवा. गावाबाहेरच्या भल्या माणसांचंही ठरलेलं असतं: "एखाद्या चांगल्या संस्थेत टाका हो, शिक्षण तरी होईल." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आजीकडे राहणारी पोरं माझ्या वर्गात आहेत, बालगृहातून परत आलेलीही आहेत. मायेचं माणूस असेल तर मूल तिथंच राहावं, असं माझं ठाम मत आहे. पण 'नातेवाईक आहेत ना' म्हणून सरकारनं हात झटकायचे, हे काही पटत नाही.

कायदा खरं तर आजीच्याच बाजूनं आहे. 2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. नातेवाईकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांना अर्थसाहाय्य देता येईल, हेही त्याच कायद्याच्या 45व्या कलमात आहे. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे. त्यात आधी महिन्याला 425 रुपये मिळायचे, मग 1100 झाले, 2023 मध्ये 2250. दिवसाला 75 रुपये. वाढत्या अंगाच्या पोराचं खाणं, वह्या, कपडे, आजारपण एवढ्यात बसवून दाखवा. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत महिन्याला 4000 आहेत, पण खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवं. म्हणजे घरातला मामा कुठं वॉचमन म्हणून लागला की भाची बाद.

पैशांपेक्षा मोठं दुखणं कागदांचं. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आजी दुधाच्या पिशवीत कागद घेऊन फिरायची. मृत्यूचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यातून आणायचा, कारण लेक तिकडं कामावर असताना गेला. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. शाळेचं बोनाफाईड मी दिलं, त्याला पाच मिनिटं लागली. नातीला शेजारी उभं करून घरासमोर फोटो काढून झाला. गाडी अडली ती आधारवर. जन्मभर खुरपणी केलेल्या बोटांचा ठसा मशीन घेईना. "पुढच्या आठवड्यात या." प्रत्येक 'या'मागे तिची एक दिवसाची रोजंदारी बुडायची. म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, बोटं झिजली म्हून मी तिची आजी न्हाई का?"

अशा वेळी कोणीतरी कानात सांगतं, बालगृहात घाला, तिथं सगळं फुकट. आणि गरिबीपायी पोरं तिथं जातात. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं, त्यामुळे भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे. आई गेली, बाप गेला, वर एकमेकांनाही मुकायचं. 2020 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं महाराष्ट्रासह 8 राज्यांना सांगितलं, संस्थांमधली मुलं 100 दिवसांत घरी पाठवा. हेतू चांगला असेल. पण ज्या घरातून पोर दारिद्र्यामुळे बाहेर पडलं, ते घर 100 दिवसांत कसं सावरणार?

आता दुसरी बाजू. सगळे नातेवाईक देवमाणसं नसतात. सातबाऱ्यावर डोळा ठेवून पुतण्याला जवळ करणारे चुलते असतात. भाचीला धुणीभांडी करायला ठेवून दहावीच्या आत उजवून टाकणारे मामेही असतात. म्हणून आधी गृहचौकशी हवी, नंतर वरचेवर घरी जाऊन बघणारं माणूस हवं, आणि मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं पाहिजे. गावोगावी बाल संरक्षण समित्या स्थापन झाल्यात म्हणे. तुमच्या गावातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, सरपंचांना एकदा विचारून बघा.

आणि सहीचं काय? दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर पालक म्हणून सही कोणाची? इंग्लंडमध्ये 2005 च्या अखेरीपासून 'स्पेशल गार्डियनशिप'ची सोय आहे. कोर्टाचा आदेश मिळाला की शाळेपासून दवाखान्यापर्यंतचे निर्णय आजी-आजोबा घेऊ शकतात. भत्ता किती मिळणार हे तिथल्या स्थानिक कौन्सिलवर अवलंबून असतं, तेव्हा तिथल्या आज्याही भांडत असतातच. पण निदान ती कागदोपत्री पालक असते. आपल्याकडे कायदेशीर पालक व्हायचं तर 1890 चा पालक व पाल्य कायदा, जिल्हा न्यायालय आणि वकिलाची फी. अंगठा उमटत नसलेली बाई तिथवर कशी पोचणार?

माझं म्हणणं एवढंच की मूल नातेवाईकांकडे द्यायचा आदेश निघतो त्याच दिवशी पैसे आणि पालकत्वाचा कागदही निघावा. दाखले गोळा करायचं काम म्हातारीचं नको, कार्यालयाचं असावं. तहसील, शाळा, बँक, सगळं सरकारच्याच ओळखीचं आहे की.

तुमच्या गल्लीत असं पोर असेल तर बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. पोराचे हाल होताना दिसले तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि आजीबरोबर तहसीलला कुणीतरी शिकलेलं माणूस जा, खिडकीवरची भाषा लगेच बदलते.